लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे चरित्र आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आपल्या या वार्षिक मेळाव्यात समाजातील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे गुणवर्णन करण्याचा जुना प्रघात आहे. या वर्षी लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि ती मी आनंदाने शिरोधार्य मानली. परंतु आरंभीच एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सेनापतीचे नाव निघाले की आपल्या मराठा समाजातील प्रत्येकाची छाती थोडी अधिक रुंद होते. देवघराशेजारच्या खुंटीवरील तलवारीची आठवण होते, पूर्वजांच्या सनदा निघतात, आणि त्या सेनापतीने जे केले ते जणू आपणच केले, असे वाटू लागते. हा अभिमान स्वाभाविक आहे. पण तो फार स्वस्त आहे. म्हणून जनरलसाहेबांनी नेमके काय केले आणि त्यांतले आपल्याला काय घेता येण्यासारखे आहे, एवढाच विचार मी आपणांपुढे मांडणार आहे.

शंकररावांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. त्यांचे वडील डॉ. पांडुरंग पाटील हे शेतीशास्त्रातील विद्वान म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित होते. ज्या काळात पाटीलकी आणि जमीनजुमला यांतच आपल्या घराण्यांचे सर्वस्व सामावले होते, त्या काळात या घराने विद्येची वाट धरली. तो काळ राजर्षी शाहू छत्रपतींचा होता. महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले होते आणि पुढे १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. शंकररावांच्या यशाचे मूळ शोधावयाचे असेल, तर ते शस्त्रागारात न शोधता आधी या पुस्तकांच्या कपाटात शोधावे, असे मला वाटते.

इंग्लंडातील सँडहर्स्टच्या राजेशाही लष्करी विद्यालयाचे दार हिंदी तरुणांना १९१८ साली प्रथम उघडले, आणि तेही वर्षाला अवघ्या दहा जागांपुरते. तेथील शिक्षण पुरे करून शंकरराव १९२६ साली सैन्यात अधिकारी झाले. त्या वेळच्या राज्यकर्त्यांनी हिंदी अधिकाऱ्यांसाठी म्हणून आठच पलटणी वेगळ्या काढल्या होत्या. हिंदी माणसाच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्याला काम करावे लागू नये, हा त्यातील अंतःस्थ हेतू. या आठांपैकी एक असलेल्या चौदाव्या पंजाब पलटणीच्या पहिल्या बटालियनमध्ये त्यांची नेमणूक झाली. हिंदी अधिकारी शूर असेल, आज्ञाधारक असेल. परंतु ऐन लढाईत संपूर्ण बटालियनचे नेतृत्व त्याला पेलेल काय, अशी शंका वरिष्ठ वर्तुळांत उघडपणे बोलली जात असे. ही शंका मनात बाळगणाऱ्यांच्या हाताखाली त्यांनी जवळजवळ वीस वर्षे काढली.

त्या शंकेला उत्तर मिळाले ते ब्रह्मदेशातील आराकानच्या किनाऱ्यावर. जानेवारी १९४५ मध्ये मागे सरणाऱ्या जपानी सैन्याची वाट अडविण्यासाठी कांगॉ या ठिकाणी दोस्तांचे सैन्य उतरले. तेथे पाठविलेल्या ५१ व्या हिंदी ब्रिगेडचे वैशिष्ट्य असे, की तिच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख हिंदी होते. एकीचे प्रमुख थिमय्या, दुसरीचे एल. पी. सेन, आणि दुसऱ्या पंजाब पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचे प्रमुख आपले शंकरराव थोरात. ही तीन नावे ध्यानात ठेवा. नियती त्यांना पुढे पुन्हा एकत्र आणणार आहे.

कांगॉचा प्रदेश म्हणजे खाड्या, चिखल, खारफुटीची जंगले आणि त्यांतून डोके वर काढणाऱ्या लहानलहान टेकड्या. प्रत्येक टेकडीवर जपानी शिपाई खंदक खणून बसलेला. त्यांपैकी 'मेलरोझ' असे नाव दिलेली टेकडी घेण्याचे काम थोरातांच्या बटालियनकडे आले. जानेवारीच्या अखेरीस त्यांच्या जवानांनी चढ चढून ती टेकडी घेतली. जपानी सैनिक जिवंतपणी जागा सोडीत नसे. त्यामुळे शेवटचा निकाल संगिनींनी लागला. या लढाईतील नेतृत्वाबद्दल त्यांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हे मानाचे पदक मिळाले. थिमय्या व सेन यांनाही तेच मिळाले. तीन हिंदी प्रमुख, तीन पदके, आणि वीस वर्षांच्या शंकेला कायमचे उत्तर!

येथे मला आपल्या सभेचे लक्ष एका गोष्टीकडे वेधावयाचे आहे. मेलरोझच्या चढावर थोरातांच्या मागून गेले ते कोण होते? पंजाबी मुसलमान, शीख, डोगरे. 'हर हर महादेव'चा घोष त्यांच्यासाठी नव्हता. भाषा निराळी, धर्म निराळे, अन्न निराळे. तरीही वडगावच्या या मराठ्याच्या शब्दावर ते मृत्यूच्या तोंडात शिरले. जातीच्या नात्याने माणसे एका पंगतीला बसतात हे खरे. परंतु गोळ्यांच्या वर्षावात एक माणूस दुसऱ्याच्या मागून जातो तो केवळ विश्वासाच्या नात्याने. आपण ज्यांच्यावर जातीच्या अभिमानाने हक्क सांगतो, त्यांनी आपले सर्वांत मोठे कार्य परजातीच्या आणि परधर्माच्या माणसांचा विश्वास संपादून केले, ही गोष्ट या स्मरणिकेत सोनेरी अक्षरांनी नोंदविण्यासारखी आहे.

आता त्यांच्या चरित्रातील दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३ च्या तहाने थांबले. पण एक बिकट प्रश्न शिल्लक राहिला. मायदेशी परत जाण्यास तयार नसलेले सुमारे बावीस हजार सहाशे चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी एका पक्षाच्या ताब्यात होते, आणि तसेच साडेतीनशेच्या आसपास कैदी दुसऱ्या पक्षाकडे होते. यांचा सांभाळ कोणी करावा? उभय पक्षांनी भारताचे नाव मान्य केले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्याकडे आले, आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय दलाचे आधिपत्य मेजर जनरल थोरात यांच्याकडे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांचा राग असा, की भारतीय सैनिकांनी आपल्या भूमीला पाय लावता कामा नये. म्हणून आपल्या जवानांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून दोन सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरविण्यात आले. तेथे तंबूंची वसाहत उभी राहिली. तिचे नाव 'हिंदनगर'. कैद्यांच्या तळांत आपापसांत कडवे गट होते, गुप्त पुढारी होते, आणि भारतीय सैन्य आपल्याला बळेच शत्रूच्या स्वाधीन करणार, ही भीती त्यांच्या मनात भरविलेली होती.

२५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांच्या एका तळात एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरण्यात आले. बाहेर भरल्या बंदुका घेतलेले जवान उभे होते. एक हुकूम सुटता तर शेकडो कैदी मारले जाते, तो मेजर तर निश्चितच मारला जाता, आणि भारताने पत्करलेली शांततेची कामगिरी रक्तात बुडाली असती. अशा वेळी थोरात मोजक्या सहकाऱ्यांनिशी तळात शिरले. कैद्यांनी त्यांना वेढा घातला. त्यांनी आवाज चढविला नाही. पाहुणा घरी आल्यावर त्याला साधी सिगारेटसुद्धा विचारण्याची तुमच्यात रीत नाही काय, अशा थट्टेच्या सुरात त्यांनी बोलणे सुरू केले, असा किस्सा सांगतात. ताण सैल झाला, बोलणी झाली आणि एकही गोळी न सुटता तो अधिकारी सुखरूप बाहेर आला.

मेलरोझच्या टेकडीवर ज्याने संगिनी चालविण्याचा हुकूम दिला, त्याच माणसाने येथे बंदुका खाली ठेवण्याचा धीर दाखविला. शस्त्र हाती असताना ते न चालविणे हे चालविण्यापेक्षा अवघड असते. १९५४ च्या आरंभी भारतीय दल कामगिरी पुरी करून परत आले. दोन्ही बाजूंकडे जाण्यास नकार देणारे ८८ कैदी भारतीय जहाजातून आपल्या देशात आणले गेले. थोरातांना 'पद्मश्री' हा किताब आणि 'अशोकचक्र, वर्ग दुसरा' हे पदक देऊन राष्ट्राने गौरविले. हेच पदक १९६७ पासून कीर्तिचक्र या नावाने ओळखले जाते.

बंधुभगिनींनो, येथवरचे चरित्र सांगणे सोपे आहे. ते टाळ्या मिळविणारे आहे. यापुढील भाग कमी सुखाचा आहे. पण माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

१९५७ साली थोरात लखनौ येथे पूर्व विभागाचे सेनाधिपती झाले. ईशान्य सीमेवरील नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, त्या वेळी आसाम रायफल्सच्या तुरळक ठाण्यांच्या भरवशावर होता. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँग्जू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि सीमेची जबाबदारी लष्कराकडे आली. थोरातांनी परिस्थितीचा अभ्यास करून ८ ऑक्टोबर १९५९ रोजी आपला लेखी अहवाल लष्करी मुख्यालयाकडे धाडला.

त्यातील विचार सामान्य माणसालाही समजण्यासारखा आहे. सीमारेषा हिमालयाच्या माथ्यावरून जाते. पलीकडे तिबेटच्या पठारावर चिनी सैन्याला रस्ते आहेत. अलीकडे आपल्याकडे दऱ्या, जंगल आणि पायवाटा. माथ्यावर उभ्या केलेल्या जवानाला दाणागोटा, दारूगोळा, उबदार कपडे सारे विमानातून टाकावे लागणार. अशा स्थितीत इंचइंच सीमेवर सैन्य पसरले, तर ते सर्वत्र दुबळे पडेल. म्हणून सीमेवर टेहळणीपुरतीच ठाणी ठेवावीत. खरी लढाई बरीच मागे, बोमदिलासारख्या आपल्याला पोहोचता येईल अशा जागी द्यावी. म्हणजे शत्रू डोंगर ओलांडून थकून येईल आणि त्याची रसद लांबेल. यासाठी किती सैन्य, किती रस्ते, किती साधने लागतील, याचाही हिशेब त्यांनी मांडला.

प्रतापगडच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्या लोकांना ही नीती नवी नाही. १६५९ साली शिवछत्रपती वाईच्या मोकळ्या मैदानात खानाला भेटावयास गेले नाहीत; त्यांनी त्याला जावळीच्या खोऱ्यात येऊ दिले. बरोबर तीनशे वर्षांनी एका मराठा सेनानीने तोच विवेक हिमालयाला लावून दाखविला. ही तुलना माझी आहे. थोरातांचा अहवाल मात्र केवळ नकाशा, अंतरे आणि आकडे यांच्या भाषेत लिहिलेला होता.

सरसेनापती थिमय्या यांना हा विचार पटला आणि त्यांनी अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मंत्र्यांना तो पटला नाही. चीनशी युद्ध होणार नाही आणि झालेच तर राजनीतीने निभावेल, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या बाजूनेही बोलावयाचे तर, देशाची तिजोरी तुटपुंजी होती, पाकिस्तानची सीमा अशांत होती, आणि एका सेनाधिपतीच्या मागणीपुढे सारे अग्रक्रम बदलणे सोपे नव्हते. परंतु अप्रिय अहवाल आला असता त्याचे खंडन करणे वेगळे आणि तो बाजूला सारणे वेगळे.

थोरात एवढ्यावर थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे त्यांनी 'लाल किल्ला' नावाची कागदावरची युद्धकसरत घेतली. शत्रू कोणत्या वाटांनी येईल, कोठवर येईल, आपले बळ कोठे अपुरे पडेल, हे अधिकाऱ्यांपुढे उलगडून दाखविले. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला, आणि वरिष्ठांकडे त्याचे स्वागतही पूर्वीसारखेच झाले.

१९६१ साली थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने जनरल प्राणनाथ थापर यांची निवड केली. सेवाज्येष्ठतेत थापर वर होते, तेव्हा नियमाचा भंग झाला असे म्हणता येणार नाही. पण थिमय्यांचा विश्वासू आणि मंत्र्यांना अप्रिय अहवाल देणारा अधिकारी, या दोन गोष्टी थोरातांच्या पारड्याविरुद्ध पडल्या नसतील, असे मानणेही कठीण आहे. मे १९६१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. पूर्व विभागात त्यांच्या जागी आले ते एल. पी. सेन. कांगॉचे तीन वीर पाहा: एक सरसेनापतिपदावरून उतरलेला, दुसरा त्या पदाच्या उंबरठ्यावरून परतलेला, आणि तिसऱ्याच्या हाती येऊ घातलेल्या वादळाची सूत्रे!

वादळ २० ऑक्टोबर १९६२ रोजी आले. नामकाचू नदीच्या काठी, सीमेला अगदी चिकटून, सुती कपड्यांत आणि मोजक्या गोळ्यांनिशी उभ्या केलेल्या आपल्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडले. महिन्याभरात बोमदिलाही पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्ध थांबविले, तोवर आपले तेराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले होते, सुमारे सतराशे बेपत्ता होते आणि जवळजवळ चार हजार शत्रूच्या कैदेत होते. ज्या धोक्याची नोंद तीन वर्षांपूर्वी एका कागदावर झालेली होती, त्याच धोक्याने हे बळी घेतले.

त्याच दिवसांत पंडित नेहरूंनी निवृत्त थोरातांना दिल्लीस बोलावून घेतले. त्या भेटीची हकीकत जनरलसाहेबांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. आपण तीन वर्षांपूर्वी असा अहवाल दिला होता, हे त्यांनी पंतप्रधानांना सांगितले. तो आपल्याला दाखविण्यातच आला नाही, असे पंतप्रधान म्हणाले. का दाखविला नाही, या प्रश्नाचे उत्तर मेननसाहेबच देऊ शकतील, एवढेच थोरात बोलले. पुढे थिमय्या आणि थोरात या दोघांनाही राष्ट्रीय संरक्षण समितीवर घेण्यात आले. मेनन मंत्रिमंडळाबाहेर गेले होते, आणि संरक्षणखात्याची धुरा सह्याद्रीच्या कुशीतून गेलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या खांद्यावर आली होती.

एखाद्याचे भाकीत खरे ठरले की तो गावभर सांगत सुटतो. थोरातांना तसे करण्यास सबळ कारण होते. पदही गेले होते आणि इशाराही वाया गेला होता. तथापि 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले ते १९८६ साली, निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी, वयाच्या ऐंशीच्या घरात. तेराशे घरांतील कुंकू पुसले गेले असताना 'मी आधीच सांगितले होते' या वाक्यात कसले सुख? १० ऑगस्ट १९९२ रोजी, शहाऐंशी वर्षे पूर्ण होण्यास दोनच दिवस उणे असताना, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

आता शेवटचे दोन शब्द. मेलरोझचे शौर्य आपल्या मुलांपैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल, आणि ईश्वर करो, ते युद्ध कोणाच्याच वाट्याला न येवो. परंतु लखनौच्या त्या कागदाचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कोणी कचेरीत असेल, कोणी सहकारी संस्थेत, कोणी शाळेत, कोणी बांधकामावर. वरिष्ठांना न आवडणारे सत्य टिपणीत लिहावे की 'सर्व आलबेल' असा शेरा मारून बढतीची वाट धरावी, हा प्रश्न एके दिवशी समोर उभा राहतो. त्या दिवशी जनरलसाहेबांची आठवण ठेवा. त्यांनी लिहिले, आकड्यांनिशी लिहिले, योग्य मार्गाने वर पाठविले, पुन्हा एकदा सिद्ध करून दाखविले, आणि त्याची किंमत मुकाट्याने मोजली.

आणि वडीलधाऱ्या मंडळींना, त्यांत मीही आलोच, माझी विनंती निराळी आहे. आपण प्रत्येक जण आपापल्या घरात, भावकीत आणि या मंडळातसुद्धा थोडेबहुत मंत्रीच आहोत. घरातील एखादी मुलगी जेव्हा म्हणते की हे लग्न ऐपतीबाहेरचे आहे, यात जमीन गहाण पडेल. एखादा मुलगा जेव्हा सांगतो की तलवारींच्या गोष्टींनी आता पोट भरत नाही, आम्हांला शिकवा. तेव्हा तोही एक अहवालच असतो. तो आपण वाचतो, की 'आजच्या पोरांना काय कळते' म्हणून बाजूला सारतो? आपल्या कुळांत शूरांची उणीव कधीच नव्हती. अप्रिय बोलणाऱ्या शूराचे ऐकून घेणाऱ्यांची उणीव मात्र भासत आली आहे. ती भरून काढण्याचा संकल्प आपण आज केला, तर जनरल थोरात यांचे खरे स्मरण झाले, असे मी समजेन.